‘पी-ई-आर’ने सुरू होणारे अवघड इंग्रजी शब्द : पाठांतराशिवाय अर्थापर्यंत कसं पोचायचं

शब्दसंग्रह वाढवायच्या पुस्तकांत शब्द बहुतेक वेळा वर्णक्रमाने लावलेले असतात. ‘पी’च्या पानांवर पोचलं की परफंक्टरी, परफिडियस, पर्निशस, परेम्प्टरी, पर्टिनेशस, परस्पिकेशस, परस्पिक्युअस अशी रांगच लागते. रात्री बसून सगळे घोकले, तर सकाळपर्यंत टिकतात. आठवड्याने त्यातला एखादा समोर आला की ‘काहीतरी वाईट अर्थ होता’ इतपतच आठवतं. यात तुमच्या स्मरणशक्तीचा दोष नाही. सारखे दिसणारे शब्द शेजारीशेजारी ठेवून पाठ केले की ते एकमेकांना पुसत जातात. वर्णक्रमाच्या यादीत नेमकं हेच होतं.

पण हे शब्द एकाच तीन अक्षरांनी सुरू होतात, हा योगायोग नाही. त्यांतल्या बहुतेकांच्या तोंडाशी लॅटिनमधला एकच उपसर्ग आहे : पर. तो त्या शब्दात कोणतं काम करतोय हे ओळखता आलं, की गोंधळ उडवणारी ती तीन अक्षरंच अर्थ सांगायला लागतात. एमपीएससी, बँकेच्या परीक्षा, कॅट किंवा जीआरईची तयारी करणाऱ्यांना याचा उपयोग आहेच. पण इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख शब्दकोश न उघडता वाचायचा असेल, तरीही ही पद्धत कामाची आहे. पुढे ती त्याच क्रमाने मांडली आहे, ज्या क्रमाने ती करून बघावी असं मला वाटतं.

पहिली पायरी : घरचे कोण, पाहुणे कोण

पी-ई-आरने सुरू होणारा प्रत्येक शब्द या घराण्यातला नसतो. पर्सिमन हे फळाचं नाव अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या अल्गाँक्वियन भाषेतून आलं. पेरेस्त्रोइका रशियन आहे. गोर्बाचेव्हच्या काळात, १९८०च्या दशकात, तो जगभर पोचला आणि त्याचा अर्थ पुनर्रचना. जुन्या इंग्रजी कवितांत ‘पेरी’ नावाची सुंदर, पंखवाली स्त्री भेटते. ती फारसीतली, म्हणजे आपली परीच. असे शब्द वेगळ्या पानावर लिहा आणि सरळ पाठ करा; त्यांची फोड करत बसू नका.

पाहुण्यांत सगळ्यात मोठा गट मात्र ग्रीक आहे, आणि तो मराठी माणसाला जवळजवळ फुकट मिळतो. ग्रीक ‘पेरी’ म्हणजे भोवती, सभोवार. संस्कृतमधला ‘परि’ हा उपसर्ग त्याचा सख्खा नातेवाईक. परिघ, परिसर, परिक्रमा, परिभ्रमण या शब्दांत जो ‘परि’ आहे, तोच पेरिमीटर, पेरिफेरी, पेरिस्कोप यांत आहे. पेरिकार्डियम हे हृदयाभोवतीचं आवरण, पेरिओस्टियम हे हाडाभोवतीचं. पेरिफ्रॅसिस म्हणजे मुद्द्याला थेट हात न घालता त्याच्याभोवती शब्दांची प्रदक्षिणा घालणं. पेरिपॅटेटिक म्हणजे फिरता. अ‍ॅरिस्टॉटलच्या अनुयायांना हे नाव पडलं, ते त्यांच्या शाळेतल्या फिरायच्या जागेवरून, असं सांगतात. आज गावोगाव फिरून शिकवणाऱ्या शिक्षकाला किंवा सतत बदलीवर असणाऱ्या अधिकाऱ्याला तो लागू होतो.

खगोलशास्त्रातली जोडीही इथेच लक्षात ठेवा. पेरिजी म्हणजे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वस्तूचा पृथ्वीजवळचा बिंदू, आणि पेरिहिलियन म्हणजे सूर्याजवळचा. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ सुटलं, तेव्हा त्याची पहिली कक्षा साधारण १७० गुणिले ३६,५०० किलोमीटर असल्याच्या बातम्या होत्या. त्यातले १७० म्हणजे पेरिजीची उंची. पृथ्वी पेरिहिलियनला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येते, म्हणजे आपल्याकडे थंडी असताना ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते.

ओळखायची खूण अशी : पी-ई-आरनंतर लगेच ‘आय’ आला आणि ‘भोवती’ हा अर्थ बसला, तर शब्द बहुधा ग्रीक. खूण पक्की नाही, कारण पेरिश आणि पेरिल या दोन्ही शब्दांत ‘आय’ असून ते ग्रीक नाहीत. म्हणून अक्षर आणि अर्थ दोन्ही तपासा.

दुसरी पायरी : ‘पर’ची तीन कामं

आता घरचे शब्द. लॅटिन ‘पर’ मुख्यतः तीन कामं करतो, आणि या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. घाईत असाल तर बाकीचं नंतर वाचा, एवढं मात्र नीट वाचा.

पहिलं काम : आरपार, मधून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. परकोलेट म्हणजे गाळणीतून झिरपावं तसं झिरपणं. महाराष्ट्रात ज्याला पाझर तलाव म्हणतात, त्याचं सरकारी इंग्रजी नाव परकोलेशन टँक. १९७२च्या दुष्काळात कामं काढली गेली, तेव्हा असे तलाव मोठ्या संख्येने झाले. या तलावाचं काम पाणी साठवून कालव्याने द्यायचं नसून ते जमिनीत मुरवून खालच्या विहिरींना पोचवायचं असतं, म्हणून ते नाव. परमिएट म्हणजे आत शिरून सगळीकडे पसरणं; वासाने घर भरतं, ओल भिंतीत चढते, ते हे. परफोरेट म्हणजे आरपार भोक पाडणं. पोटाच्या आजारात डॉक्टर ‘परफोरेशन’ म्हणतात, तेव्हा आतड्याला किंवा जठराला भोक पडलेलं असतं. पर्स्पायर म्हणजे घाम येणं, आणि शब्दशः पाहिलं तर ‘मधून श्वास सोडणं’.

परेनियल यातच येतो. ‘अ‍ॅनस’ म्हणजे वर्ष. वर्षाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टिकणारं, म्हणजे बारमाही. बारमाही नदीला इंग्रजीत परेनियल रिव्हर म्हणतात, आणि दोन वर्षांहून जास्त जगणाऱ्या झाडाला परेनियल प्लांट. पुढे अर्थ पसरला, आणि कधीच न सुटणारा प्रश्नही परेनियल झाला.

पेरेग्रिनेशन म्हणजे दूरदूरची भटकंती. मूळ शब्दात ‘आगेर’ म्हणजे शेत आहे. शेतं ओलांडून परमुलखातून आलेला तो पेरेग्रिनस. बहिरी ससाण्याचं इंग्रजी नाव पेरेग्रिन फाल्कन यावरूनच पडलं, आणि याच लॅटिन शब्दाचं रूप घासत घासत पिलग्रिम, म्हणजे यात्रेकरू, तयार झाला. परअ‍ॅम्ब्युलेट म्हणजे हिंडणं. परअ‍ॅम्ब्युलेटर ही बाबागाडी. तिचाच आखूड झालेला शब्द प्रॅम. रस्त्याचं अंतर मोजायला जमीन मोजणारे जे चाक ढकलत नेत, त्यालाही परअ‍ॅम्ब्युलेटरच म्हणत.

दुसरं काम : पुरेपूर, शेवटपर्यंत, अगदी जोराने. इथे ‘पर’ दिशा दाखवत नाही, जोर वाढवतो. आपल्या परिपूर्ण, परिपक्व या शब्दांत ‘परि’ जे करतो तेच. पर्टुसिस हा शब्द तुमच्या घरात नक्की येऊन गेलेला आहे : बाळाच्या डीपीटी लसीतला ‘पी’ तोच. ‘टुसिस’ म्हणजे खोकला, आणि पर्टुसिस म्हणजे जोरदार खोकला, अर्थात डांग्या खोकला. आता ही लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट या एकत्रित लसीतून देतात.

रसायनशास्त्रातही हेच काम दिसतं. मँगनेटमध्ये मँगनीजची ऑक्सिडीकरण संख्या ६ असते, परमँगनेटमध्ये ७, म्हणजे त्याच्यासाठी कमाल. क्लोरेट आणि परक्लोरेट यांतही तसंच, ५ आणि ७. अकरावीतल्या मुलाला हा ‘पर’ एकदा समजला, की नावावरून कोणतं संयुग वरचं हे तो सांगू शकतो.

पर्सिव्हिअर म्हणजे शेवटपर्यंत कडकपणे टिकून राहणं, चिकाटी धरणं. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरलेल्या रोव्हरचं नाव पर्सिव्हिअरन्स. परप्लेक्स म्हणजे पुरतं गुंतवून टाकणं. त्यातलं ‘प्लेक्स’ विणण्याशी, गुंफण्याशी संबंधित आहे. परूझ म्हणजे पूर्ण वापर करणं, त्यावरून लक्षपूर्वक वाचणं. सरकारी पत्रात ‘फॉर युअर काइंड परूझल’ लिहितात, आणि मराठी टिपणीत त्याच जागी ‘अवलोकनार्थ सादर’ येतं. आजकाल अनेक जण परूझ हा शब्द ‘वरवर चाळणं’ या अर्थाने वापरतात. शब्दकोशांनी तोही अर्थ नोंदवला आहे, म्हणून वाचताना संदर्भ बघा. स्वतः लिहिताना मात्र मी तो नीट वाचण्यासाठीच वापरावा असं सांगेन. वरवर वाचण्यासाठी इंग्रजीत स्किम हा सोपा, निःसंदिग्ध शब्द आहे.

तिसरं काम : वाईटाकडे, नाशाकडे. आरपार गेलेली गोष्ट कधीकधी मर्यादेबाहेर जाते, आणि तिथे ‘पर’ काळा होतो. पेरिश म्हणजे शब्दशः ‘जाणं’, पण कायमचं जाणं, नाश पावणं. नाशवंत मालाला पेरिशेबल म्हणतात. पर्डिशन म्हणजे सर्वनाश, नरकवास. परव्हर्ट म्हणजे भलतीकडे वळवणं. परज्युरी म्हणजे शपथेचाच घात : कोर्टात शपथ घेऊन खोटी साक्ष देणं. भारतीय न्याय संहितेत खोट्या साक्षीची व्याख्या कलम २२७मध्ये आणि शिक्षा कलम २२९मध्ये आहे. न्यायालयीन कामकाजात हा गुन्हा केला तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

परफिडियस या गटातला माझ्या मते सगळ्यात नेमका शब्द. ‘फिडेस’ म्हणजे विश्वास. समोरच्याचा विश्वास हेच हत्यार करून त्याला फसवणारा, तो परफिडियस. नुसत्या लबाडाला हा शब्द लावू नका. युद्धाच्या कायद्यात हा फरक काटेकोर केलेला आहे. जिनिव्हा करारांना १९७७मध्ये जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधलं कलम ३७ परफिडीला बंदी घालतं. पांढरं निशाण दाखवून, शरण येतोय असं भासवून शत्रूला मारणं ही परफिडी. झाडाझुडपांत लपणं, खोट्या हालचाली करून चकवणं याला मात्र परवानगी आहे. गनिमी काव्यातली हुलकावणी परफिडी ठरत नाही, कारण तिथे कायद्याने दिलेल्या संरक्षणाचा भरवसा मोडलेला नसतो.

तीन कामांच्या सीमा काटेकोर नाहीत. पर्निशससारख्या शब्दात ‘पुरेपूर’ आणि ‘नाशाकडे’ दोन्ही छटा सापडतात. अशा वेळी वाद घालत बसू नका. जी छटा तुम्हाला अर्थ आठवून देते ती धरा.

तिसरी पायरी : ‘पर’ काढल्यावर उरतं ते ओळखा

इथे बरेच जण अडतात, कारण उपसर्ग लागला की लॅटिन धातूतला स्वर बदलतो. ‘फाकेरे’ म्हणजे करणं. त्याचं परफेक्ट झालं, ‘आ’चा ‘ए’ झाला. ‘अ‍ॅनस’चा परेनियल होताना तेच घडलं, जसं सेंटेनियलमध्ये घडतं. ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणं. ते परस्पिकेशसमध्ये ‘स्पिक’ होतं. ‘टेनेरे’ म्हणजे धरणं. ते पर्टिनेशसमध्ये ‘टिन’ होतं. म्हणून उरलेला तुकडा ओळखीचा वाटला नाही, तर मधला स्वर बदलून बघा.

मराठी वाचकाकडे इथे एक जादा साधन आहे, आणि ते वापरलं जात नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं. लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे यांतले अनेक तुकडे आपल्याला आधीच माहीत असतात. पर्निशसमधला ‘नेक्स’ म्हणजे मृत्यू. तो संस्कृत नश्, म्हणजे आपला नाश, याचा नातलग. परफ्यूममधला ‘फ्यूम’ म्हणजे धूर; तो धूमचा नातलग. पूर्वी परफ्यूम म्हणजे सुगंधी धुराने जागा भरून टाकणं, जसं आपण धूप घालतो. ‘स्पेकेरे’चं नातं पश्यतिशी आहे. ‘टेनेरे’चं नातं ताणण्याच्या अर्थाच्या तन्‌शी लावतात. पर्डिशनमधलं ‘दारे’ म्हणजे देणं, म्हणजेच दा धातू.

फक्त सारखं ऐकू येतं म्हणून नातं जोडू नका. लॅटिनमधला सुरुवातीचा ‘फ’ आणि संस्कृतमधला ‘ध’ ही जोडी कानाला लांबची वाटते, तरी धूम आणि फ्यूम सख्खे आहेत. याच्या उलट कानाला जवळ वाटणाऱ्या कितीतरी जोड्या परक्या निघतात. चांगल्या इंग्रजी कोशात शब्दाची व्युत्पत्ती दिलेली असते. तिथे एकदा पडताळून मगच वहीत उतरवा.

या पायरीवर एक शब्द मुद्दाम हाताळून बघा : परपेंडिक्युलर. ‘पेंडेरे’ म्हणजे लोंबणं, आणि लॅटिनमध्ये ‘परपेंडिक्युलम’ म्हणजे गवंड्याचा ओळंबा. दोरीला बांधलेलं वजन जिथे थांबतं, ती खरी उभी रेषा. भूमितीतला लंब या ओळंब्यातून आला, हे कळलं की शब्द पुन्हा विसरत नाही.

चौथी पायरी : शब्द कोणाला चिकटतो ते लिहा

नुसता अर्थ कळून भागत नाही. परीक्षेत रिकाम्या जागा चुकतात त्या इथे.

परस्पिकेशस आणि परस्पिक्युअस ही सगळ्यात छळणारी जोडी. दोन्हींत ‘आरपार पाहणं’ आहे. फरक असा की परस्पिकेशस म्हणजे ज्याला आरपार दिसतं तो : माणूस, वाचक, टीकाकार, त्याची नजर. मर्मज्ञ, चाणाक्ष. परस्पिक्युअस म्हणजे ज्याच्यातून आरपार दिसतं ते : लेखन, युक्तिवाद, स्पष्टीकरण. आपल्या काव्यशास्त्रात ज्याला प्रसादगुण म्हणतात, वाचताक्षणी अर्थ उलगडणं, त्याच्या भाषांतरासाठी इंग्रजीत परस्पिक्युइटी हाच शब्द वापरला जातो. चाणाक्ष माणूस आणि प्रसादपूर्ण लेखन अशी जोडी वहीत लिहून ठेवा.

परफंक्टरीला मराठीत अतिशय नेमकं वाक्य आहे : पाट्या टाकणं. काम करायचं म्हणून करणं, उरकणं. तो चिकटतो कामाला आणि कृतीला : परफंक्टरी तपासणी, परफंक्टरी माफी, परफंक्टरी स्मित. आळशी माणसाला परफंक्टरी म्हणू नका. तो जे काम उरकतो, ते परफंक्टरी.

पर्निशस म्हणजे घातक, पण हळूहळू, आतून, लक्षात न येता पोखरणारं. अफवा, सवय, विचारसरणी, प्रभाव यांना तो चिकटतो. साप किंवा स्फोट पर्निशस नसतो. हा रंग पर्निशस अ‍ॅनिमिया या आजाराच्या नावात स्पष्ट दिसतो. त्यात जठरातून मिळणारा एक घटक कमी पडल्याने बी-१२ जीवनसत्त्व शरीरात शोषलं जात नाही, आणि रुग्ण महिनोन्‌महिने खंगत जातो. पूर्वी या आजारातून सहसा कोणी वाचत नसे. आहारात यकृत दिल्याने रुग्ण सुधारतात हे दाखवणाऱ्या व्हिपल, मायनॉट आणि मर्फी यांना १९३४चं नोबेल मिळालं, आणि बी-१२ वेगळं काढता आलं ते १९४८मध्ये. इलाज सापडला तरी नाव मात्र तेच राहिलं.

परेम्प्टरी चिकटतो हुकमाला आणि सुराला. ज्यावर ‘पण’ म्हणायची सोय नाही, असा आदेश. मुळात ‘पर’ आणि ‘एमेरे’, म्हणजे घेणं : पूर्ण काढून घेणं, चर्चाच संपवून टाकणं. अमेरिकेत ज्युरी निवडताना दोन्ही बाजूंना ठराविक संख्येने ज्युरर कारण न देता नाकारता येतात, त्याला परेम्प्टरी चॅलेंज म्हणतात. वंशाच्या आधारावर मात्र तो वापरता येणार नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६मध्ये ठरवलं. इंग्लंडने ही सोय १९८८च्या कायद्याने रद्दच केली.

पर्टिनेशसबद्दल सांभाळून राहा, कारण तिथे अर्थापेक्षा सूर महत्त्वाचा. चिकाटी म्हणायची तर पर्सिव्हिअरन्स; त्यात कौतुक आहे. पर्टिनेशस म्हणजे चिवट, कधी कौतुकाने, कधी वैतागून. पाठपुरावा न सोडणारा पत्रकार पर्टिनेशस असू शकतो, आणि दारातून न हलणारा विक्रेताही. त्याच धातूचा पर्टिनंट म्हणजे मुद्द्याला धरून असलेला. त्याच्या उलट इम्पर्टिनंटचा जुना अर्थ विषयाबाहेरचा, आणि आजचा प्रचलित अर्थ उद्धट.

परपिट्रेट आणि परपेच्युएट इथेच वेगळे करून टाका. परपिट्रेट म्हणजे गुन्हा किंवा दुष्कृत्य करणं. परपेच्युएट म्हणजे एखादी गोष्ट चालू ठेवणं, पुढे नेत राहणं. अत्याचार परपिट्रेट होतो, रूढी परपेच्युएट होते.

पाचवी पायरी : ‘पर’, ‘प्री’ आणि ‘प्रो’

पी-ई-आर आणि पी-आर-ई यांत फक्त दोन अक्षरांची जागा बदलते, आणि अर्थ पार बदलतो. प्री म्हणजे आधी, प्रो म्हणजे पुढे किंवा बाजूने. बोलताना ते एकसारखे घासले जात असल्याने लिहिताना चुका होतात.

पर्सिक्यूट म्हणजे छळणं : मागे लागून शेवटपर्यंत पिच्छा पुरवणं. प्रॉसिक्यूट म्हणजे खटला पुढे चालवणं. वर्तमानपत्रातल्या एका बातमीत हे दोन्ही शब्द येऊ शकतात, आणि अदलाबदल झाली तर आरोपी आणि बळी यांचीच अदलाबदल होते. पर्क्विझिट म्हणजे पगाराव्यतिरिक्त मिळणारी सोय : कंपनीचं घर, गाडी. बोलीत ज्याला ‘पर्क्स’ म्हणतात तो त्याचाच तुकडा, आणि आयकराच्या कागदांवर पूर्ण शब्द दिसतो. प्रीरिक्विझिट म्हणजे पूर्वअट. परेम्प्टरी वर आलाच. प्री-एम्प्टिव्ह म्हणजे समोरच्याने करण्याआधीच केलेलं. तिथेही ‘एमेरे’च आहे, फक्त ‘विकत घेणं’ या दुसऱ्या अर्थाने. जमिनीच्या व्यवहारातला अग्रक्रयाधिकार म्हणजे प्री-एम्प्शन.

प्रेरॉगेटिव्ह, म्हणजे विशेषाधिकार, हा शब्द कितीतरी सुशिक्षित लोक पी-ई-आरने लिहितात. त्याची गोष्ट कळली की चूक होत नाही. ‘रोगारे’ म्हणजे विचारणं. रोमच्या सभेत ज्या गटाला सगळ्यांच्या आधी मत विचारलं जाई, तो गट ‘प्रेरॉगाटिव्हा’. आधी विचारलं जाणं हाच मान, म्हणून तिथे ‘प्री’च हवा.

सहावी पायरी : वहीत कसं उतरवायचं

याला फार वेळ देऊ नये, पण चुकवूही नये. तीन कामांसाठी वहीची तीन वेगळी पानं ठेवा : आरपार, पुरेपूर, नाशाकडे. चौथं पान पाहुण्यांचं. एका बैठकीत एकाच पानावर दोन-तीन शब्द चढवा, त्याहून जास्त नाही. आणि परस्पिकेशस-परस्पिक्युअससारखी जुळी एकाच दिवशी घेऊ नका. एक पक्का बसला की मगच दुसरा. प्रत्येक शब्दापुढे फोड, मराठीतला सगळ्यात जवळचा शब्द किंवा वाक्प्रचार, आणि तो कोणाला चिकटतो हे एवढंच लिहा. मराठी प्रतिशब्द कोशातलाच घेतला पाहिजे असं नाही. परफंक्टरीसाठी ‘औपचारिक’ लिहिलंत तर काही दिवसांनी तो फॉर्मलमध्ये मिसळेल. ‘पाट्या टाकल्यासारखं’ लिहिलंत तर मिसळणार नाही.

मग प्रत्येक शब्दाचं एक इंग्रजी वाक्य स्वतः बनवा, आणि ते तुमच्या ओळखीच्या जगातलं असू द्या : तालुक्याच्या कार्यालयातली परफंक्टरी तपासणी, गावातली परेनियल पाणीटंचाई, सोसायटीच्या सचिवाची परेम्प्टरी नोटीस. पुस्तकातलं तयार वाक्य उतरवलं तर हात लिहितो, पण डोकं कामाला लागत नाही. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. आणि ती करताना शब्द झाकून मराठी बाजूवरून इंग्रजी आठवा. उलट्या दिशेने आठवणं जास्त कठीण असतं, म्हणून तेच जास्त टिकतं.

उच्चारही तिथेच लिहून ठेवा. परूझमध्ये जोर ‘रूझ’वर, परेनियल आणि परेम्प्टरीत ‘रे’वर, परफंक्टरीत ‘फंक’वर, पर्निशसमध्ये ‘नि’वर. म्हणजे या सगळ्यांत ‘पर’ हलका आणि जोर पुढच्या अवयवावर. परज्युरी आणि पेरेग्रिन मात्र सुरुवातीलाच जोर घेतात. मुलाखतीत शब्द माहीत असून जीभ अडखळते ती बहुतेक वेळा इथे.

सरावासाठी

हे शब्द वर आलेले नाहीत. आधी स्वतः फोड करा, कोणतं काम ते ठरवा, मगच उत्तरं बघा : पेरोरेशन, परफर्व्हिड, पर्सिपियंट, पेरिस्टॅल्सिस, परड्युरेबल, परटर्ब.

पेरोरेशनमध्ये ‘ओरारे’ म्हणजे बोलणं. शेवटपर्यंत बोलणं, त्यावरून भाषणाचा समारोपाचा भाग, आणि कधी लांबलचक भाषणही. परफर्व्हिड म्हणजे अति उत्कट, उकळी फुटलेला, ‘पुरेपूर’चं पान. पर्सिपियंट म्हणजे चटकन जाणणारा. ‘कापेरे’, म्हणजे पकडणं, यातला ‘आ’ इथे ‘इ’ झालाय. अर्थाने तो परस्पिकेशसच्या जवळचा आहे, म्हणून दोघांना एका दिवशी घेऊ नका. पेरिस्टॅल्सिस पाहुण्यांच्या पानावर जाईल : ग्रीक ‘पेरी’, आतड्याला सर्व बाजूंनी आवळत अन्न पुढे ढकलणारी लाट. परड्युरेबलमध्ये ड्युरेबल उघडच दिसतो, पुरेपूर टिकाऊ.

परटर्बमध्ये ‘टुर्बारे’ म्हणजे ढवळणं. माणसाला परटर्ब केलं म्हणजे अस्वस्थ केलं. ग्रहाच्या बाबतीत परटर्बेशन म्हणजे दुसऱ्याच्या ओढीने त्याच्या कक्षेत आलेला विचलितपणा. युरेनसच्या अशाच विचलनांवरून ल व्हेरिए याने अज्ञात ग्रहाची जागा गणिताने काढली, आणि २३ सप्टेंबर १८४६च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले याला नेपच्यून त्या जागेच्या अगदी जवळ दिसला. हा शब्द ‘पुरेपूर’च्या पानावर लिहा, आणि त्यापुढे दोन ओळी ठेवा : एक माणसासाठी, एक ग्रहासाठी.